पाय दुखतोय, पण घर थांबत नाही

पावसाळ्याच्या उत्तरार्धात साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते आणि त्याच सुमारास घरोघरी गणपती-गौरींची धांदल असते. रविवारी २१.१ किलोमीटर पळून आलेल्या माणसाला सोमवारी पहाटे उठून मुलांचा डबा, शाळेची रिक्षा, दहाचं ऑफिस आणि संध्याकाळी मखराचं सामान एवढं सगळं उरकायचं असतं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, पण सुट्टी मागायची कोणाकडं? मग बहुतेक जण ‘होईल बरं’ म्हणून कामाला लागतात. काहींचं होतंही. उरलेले दिवाळीपर्यंत लंगडत असतात.

हा लेख त्या उरलेल्यांसाठी आहे. दुखापत झाली की आपण धावणं बंद करतो आणि त्यालाच विश्रांती समजतो. घरातली चढउतार, उकिडवं बसणं, ओट्यापुढं तासभर उभं राहणं, सिलिंडर सरकवणं मात्र तसंच चालू असतं. दुखऱ्या शिरेला रस्ता कुठला आणि स्वयंपाकघर कुठलं हे कळत नाही. दिवसभरात एकूण भार किती पडला, एवढंच तिच्या खाती जमा होतं. तेव्हा बरं व्हायचं असेल तर घरकामाचाही हिशेब मांडायला हवा.

घाट उतरताना पायाचं काय होतं

साताऱ्याची ही शर्यत २०१२ साली सुरू झाली आणि २०१५ साली डोंगरी शर्यतीत सर्वाधिक माणसं धावल्याबद्दल गिनीज बुकात तिची नोंद झाली. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. जाताना दम लागतो म्हणून सगळे चढाला भितात. पाय मात्र धरतात ते उतारानं. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात. असं काम स्नायूंच्या तंतूंना जास्त इजा करतं, शिवाय गुडघ्याच्या वाटीवरचा दाबही वाढतो.

सांगलीकरांचं दुखणं थोडं निराळं. आयर्विन पुलापासून विश्रामबागेपर्यंत आणि तिथून मिरजेपर्यंत रस्ता सपाट. महिनोन्‌महिने सपाटीवर टायमिंग सुधारलेला पाय एकदम घाटाच्या उतारावर सोडला की छाती साथ देते, मांड्या देत नाहीत. त्यात शर्यत संपल्या संपल्या गाडीत बसून सुमारे १२० किलोमीटरचा परतीचा प्रवास. पाय दुमडून सलग बसू नका. कराडला उतरा, दहा मिनिटं चाला, पाणी प्या. पेठ नाक्यावर पुन्हा एकदा उतरा. गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

पहिले तीन दिवस

शर्यतीनंतरची साधी अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, दोन्ही पायांत साधारण सारखी असते, हालचाल केल्यावर थोडी मोकळी होते आणि आठवडाभरात जाते. दुखापतीचं दुखणं बहुधा एकाच पायात, एका ठरावीक जागी असतं आणि वापरलं की वाढतं. हा फरक ओळखता आला तर निम्मा गोंधळ मिटतो.

लचक, मुरगळ किंवा सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज हलक्या दाबानं बांधा, बसल्यावर पाय उशीवर उंच ठेवा आणि ठणका वाढवणारी हालचाल टाळा. बर्फानं ठणका कमी होतो. टॉवेलात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायला हरकत नाही. मात्र बर्फानं दुखापत लवकर भरून येते असं समजू नका. ‘विश्रांती, बर्फ, दाब, उंची’ हे सूत्र १९७८ मध्ये मांडणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढं बर्फाबद्दलचं मत बदललं. पूर्ण अंथरूण धरणंही नको. दोन दिवसांनंतर दुखणार नाही इतपत पाय हलवत राहणं, घरातल्या घरात थोडं चालणं, हेच औषध.

पेनकिलरच्या गोळ्यांबाबत सावध राहा. घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाब, मधुमेह किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. गोळी घेऊन दुखणं दाबायचं आणि पुन्हा पळायचं, हे तर कोणीच करू नये.

नेमकं कुठं दुखतंय?

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली सुई टोचल्यासारखं होतं आणि चार पावलांनी कमी होतं: तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं, प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या मागची जाड शीर सकाळी आखडते, दाबली की दुखते, चढावर त्रास देते: अकिलीस. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठरावीक अंतर पळालं की चमक येते आणि उतारावर वाढते: आयटी बँड. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना जास्त: धावपटूंचा गुडघा.

नडगीचं दुखणं नीट तपासा. आतल्या कडेनं वीतभर लांबीत दुखत असेल तर ते हाडाच्या कडेवर आलेला ताण असू शकतो. एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच बिंदूवर दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायला हवी. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पळायला जाऊ नका; दुखणं कायम असेल तर एमआरआयबद्दल विचारा.

किती दिवस लागतील? हलकी लचक दोन-तीन आठवडे, आयटी बँडला महिना-दोन महिने, अकिलीस आणि तळपायाला तीन महिने किंवा जास्त, हाडाच्या चिरेला धावण्यापासून किमान सहा ते आठ आठवडे सुट्टी. हे आकडे घरात मोठ्यानं सांगा. ‘दोन दिवसांत ठीक होईल’ असं सांगितलं की तिसऱ्या दिवशी सिलिंडर आपल्याकडंच येतो.

हे दिसलं की थेट दवाखाना

पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नाहीत. जांघेत खोलवर दुखतं आणि उडी मारली की कळ येते. एकच पोटरी सुजून गरम झाली आहे, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर. धाप लागते किंवा छातीत दुखतं. लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. पायाला बधिरपणा येतो. यातलं काहीही असलं तर सणवार बघत बसू नका. जांघेतलं दुखणं खुब्याच्या हाडाच्या चिरेचं असू शकतं आणि ती दुर्लक्षित राहिली तर शस्त्रक्रियेपर्यंत जाते. काळी लघवी म्हणजे स्नायू मोठ्या प्रमाणात तुटून मूत्रपिंडावर भार आल्याची खूण.

सुदैवानं आपल्या भागात सोयी आहेत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मिरज तर मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव. तपासायला जाताना धावायचे जुने बूट बरोबर न्या. तळ कुठल्या बाजूनं झिजलाय हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना बघू द्या.

आणि घरगुती उपायांचं काय? गरम शेक आणि हलक्या हातानं तेल, हे साध्या अंगदुखीला चालतं. ताज्या सुजेवर जोरात मालिश नको, हाडाच्या चिरेची शंका असेल तर अजिबात नको. बिब्बा लावू नका. त्यानं कातडी भाजून फोड येतात आणि एका दुखण्याची दोन होतात. सांगलीची हळद जगप्रसिद्ध आहे, हळदीचं दूध जरूर प्या, पण कपभर दुधातली चिमूटभर हळद शीर जोडून देईल अशी अपेक्षा ठेवू नका.

घरकामाचा हिशेब

एका कागदावर दिवसभरातली पायावरची कामं लिहून काढा: किती वेळा जिना, किती वेळ उभं, किती वेळा उकिडवं, किती वजन उचललं. मग त्यातलं कुठलं काम आपल्या दुखण्याला नडतं ते बघा.

गुडघ्याच्या दुखण्यात जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसून फरशी पुसणं, पाटावर बसून पूजा आणि भारतीय पद्धतीचा संडास ही चारही कामं वाटीवर भार टाकतात. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते. दोन महिन्यांसाठी ती आणण्यात कमीपणा नाही. पूजेला चौरंगाशेजारी खुर्ची घ्या. देव रागावत नाहीत, फार तर आत्या रागावतील.

टाचेच्या दुखण्यात शत्रू म्हणजे घरातली उघडी फरशी. अनवाणी तासभर ओट्यापुढं उभं राहिलं की सकाळी केलेल्या व्यायामावर पाणी पडतं. स्वयंपाकघरात चप्पल म्हटलं की सासूबाईंच्या कपाळावर आठी पडते, म्हणून मऊ तळाचा नवा जोड आणा, धुऊन घ्या, तो घराबाहेर कधीही न्यायचा नाही आणि देवघरात घालायचा नाही, असं आधीच ठरवून सांगा. कणीक मळणं, भाजी निवडणं, लसूण सोलणं ही कामं टेबलाशी बसून करा.

घोटा किंवा पोटरी दुखत असेल तर गिअरची मोटारसायकल काही दिवस बाजूला ठेवा. किक मारणं, सिग्नलला पाय टेकून गाडी पेलणं, दोन्ही जोखमीचं, स्कूटर बरी. लहान मूल जमिनीवरून उचलू नका, त्याला आधी सोफ्यावर चढू द्या आणि मग घ्या. कडेवर घेताना नेहमी एकाच बाजूला घेऊ नका.

यापुढचं बोलणं घरच्यांशी आहे, आणि ते ‘माझा पाय फार दुखतोय’ एवढ्यावर थांबलं तर त्याचा उपयोग होत नाही. काय करणार नाही आणि त्याबदल्यात काय करणार, हे नेमकं सांगा. तीन आठवडे सिलिंडर, पाण्याच्या बादल्या, गच्चीवरचे कपडे माझ्याकडं नाहीत. मुलांचा अभ्यास, भाजी निवडणं, लाइटबिल, बँकेची कामं, आजीच्या औषधांच्या वेळा माझ्याकडं. अदलाबदल असली की कुरकुर होत नाही.

एक गोष्ट पुरुषांनी नीट ऐकावी. नवऱ्याला दुखापत झाली की त्याच्या वाटचं काम बायको न सांगता उचलते. बायकोला दुखापत झाली की तिचं काम तिचंच राहतं. वर ‘कशाला पळायचं होतं’ हे ऐकावं लागतं. गौरी जेवणाच्या दिवशी अकिलीस सुजलेली बाई सोळा भाज्या करत उभी असेल तर तिच्यासाठी जगातला कुठलाही फिजिओ काही करू शकत नाही. त्या दिवशी स्वयंपाकाला मदत लावा, पदार्थ कमी करा, पुरणपोळ्या बाहेरून आणा.

यात एक जमेची बाजूही आहे. शर्यतीच्या तयारीत रविवारची अख्खी सकाळ लाँग रनला जात होती आणि घरानं ती सोसली होती. दुखापतीतल्या व्यायामाला दिवसाला वीस मिनिटं पुरतात. उरलेला वेळ घराला परत करायची ही संधी आहे. पुढच्या वर्षी पहाटे पाचला गजर लावाल तेव्हा कोणी कटकट करणार नाही.

वीस मिनिटांचा व्यायाम

वेगळा तास मिळणार नाही, म्हणून व्यायाम कामांनाच जोडा. दूध तापत ठेवलं की ओट्याला हात टेकून सावकाश टाचा उचलायच्या: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, बारा ते पंधरा वेळा, असे तीन हप्ते. दोन्ही पायांवर सहज जमलं की एका पायावर. टाच दुखत असेल तर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि हा व्यायाम दिवसाआड करा. कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अर्धं खाली बसा, तीस ते पंचेचाळीस सेकंद, चार-पाच वेळा. वाटी दुखत असेल तर कमी वाका. रात्री मुलांना गोष्ट सांगताना कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला, पंधरा-पंधराचे दोन-तीन हप्ते. खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट झाले की गुडघा आत वळत नाही. दुखणं निवळल्यावर चौथा व्यायाम: घरातल्या सर्वांत खालच्या पायरीवरून एक पाय अगदी हळू खाली टेकवायचा आणि परत वर न्यायचा. घाटाच्या उताराची तयारी याच पायरीवर होते.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहामध्ये तीनपर्यंत चालेल. चार-पाचच्या पुढं गेलं तर हप्ते कमी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर काल जास्त झालं असं समजा, मग तो भार व्यायामाचा असो की आठवडी बाजाराचा.

झोप आणि खुराक

सातारा-सांगलीच्या तालमीत वस्ताद मेहनतीइतकंच खुराकाला आणि झोपेला महत्त्व देतात. सात-आठ तास झोप सलग मिळत नसेल, घरात तान्हं मूल असेल, तर दुपारची अर्धी-पाऊण तास डुलकीही कामी येते. शरीराच्या दर किलो वजनामागं रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. नुसत्या भाकरी-भाजीत एवढी होत नाहीत. मटकीची उसळ, डाळ, दही, दूध, पनीर, शेंगदाणे आणि चालत असतील त्यांना अंडी-मासे असं दिवसभरात वाटून घ्या.

श्रावणात आणि नवरात्रात उपवासांची रांग लागते. बरं होण्याच्या काळात अपुरं खाणं हाडांना महागात पडतं. साबुदाण्यावर दिवस काढण्यापेक्षा राजगिरा, दाणे, दूध, दही घ्या किंवा त्या वर्षी उपवास सोडा. जास्त धावून आणि कमी खाऊन जिची पाळी लांबली किंवा बंद झाली असेल तिनं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा धावू नये. हाडं ठिसूळ होत असल्याचा तो इशारा असतो.

पुन्हा रस्त्यावर

तारीख बघून सुरुवात करू नका, पायाची परीक्षा घ्या. अर्धा तास झपाझप चालता आलं पाहिजे. एका पायावर पंधरा-वीस वेळा टाच उचलता आली पाहिजे. त्या पायावर दहा उड्या न दुखता मारता आल्या पाहिजेत. हाडाच्या चिरेनंतर याशिवाय डॉक्टरांची परवानगी.

मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ-दहा वेळा, दिवसाआड. साताऱ्यात शाहू क्रीडा संकुलाचं मैदान किंवा गावातला सपाट रस्ता, सांगलीत नेहमीचा कुठलाही सपाट रस्ता. ग्रुपबरोबर जाऊ नका. ग्रुपमध्ये कोणीतरी पुढं निघतं आणि आपला पाय राहत नाही. दर तीन-चार फेऱ्यांनी पळण्याचं मिनिट वाढवत न्या. सलग वीस-तीस मिनिटं जमायला तीन-चार आठवडे लागू द्या. पावलं थोडी छोटी आणि जलद टाकली की गुडघ्यावरचा भार उतरतो. आधी अंतर वाढवा, नंतर वेग, सर्वांत शेवटी घाट.

घाटातही क्रम असतो. गुडघा किंवा आयटी बँड दुखला होता त्यांनी फक्त चढ पळावा आणि उतार टाळावा. हे जमवायची सोपी रीत म्हणजे घरच्यांना यवतेश्वरला गाडी घेऊन बोलवायचं. तुम्ही पळत वर या, मुलं कणसं खातील, पुढं कासची फुलं बघा आणि सगळे गाडीनंच खाली उतरा. अकिलीसवाल्यांना चढच नडतो, त्यांनी सपाटीवर जास्त दिवस काढावेत. सांगलीकरांनी दंडोबाच्या डोंगरावर आधी चालत उतरायची सवय करावी आणि मगच साताऱ्याचा अर्ज भरावा.

पुढची शर्यत

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या ऑलिंपिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीनं अडवली. त्या काळी एमआरआय नव्हता. आज तो आहे, फिजिओ आहेत, तरी आपण पैसे भरलेत म्हणून दुखऱ्या पायानं शर्यतीला उभे राहतो. भरलेली फी परत मिळत नाही, हे खरं. पाय बिघडला तर पुढची दोन वर्षंही मिळत नाहीत.

आणि २१ किलोमीटर धावलं तरच धावपटू, असंही काही नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या येऊन नंतर स्टीपलचेसकडं वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटरच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. लहान मुलं, म्हातारे आईवडील आणि बदलत्या शिफ्ट सांभाळणाऱ्याला एखादं वर्ष १० किलोमीटरवर काढणं जास्त शहाणपणाचं असतं.

पुढच्या वेळी अर्ज भरण्याआधी घरातल्या कॅलेंडरवर शर्यतीच्या तारखेबरोबर त्यापुढचे पंधरा दिवसही खुणा करून ठेवा: जड काम नाही, लांबचा प्रवास नाही, पाहुण्यांचं मोठं जेवण नाही. त्या पंधरवड्यात गौरी, मुलांची परीक्षा किंवा घरातलं लग्न येत असेल तर ते घरच्यांशी बोला आणि मगच पैसे भरा.